गळीच्या फळांची वाइन

यंदा तो बाजार अकोल्यात आला. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. वर्तमानपत्रातून चिठोरी आली होती, लहान उत्पादकांचा बाजार, फळांच्या वाइन, चाखून पाहा, सहकुटुंब या. वाचली आणि स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याखाली घालून टाकली. जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण जायचं नाही हे ठरवून तसंच राहायलाही जोर लागतो, आणि तो आता माझ्यात उरलेला नाही. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं उभं राहून काचेच्या नळ्या विसळल्या, त्यात दोन्ही गुडघे गेले. मागच्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून वाटत होतं, आता बसू निवांत. बसायला लागले तर बसूनही थकवा येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत आमच्याकडे सकाळी शाल लागते आणि दुपारी छत्री. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या गाड्या लागतात. हा मृग बहाराचा माल. जूनच्या पावसाने झाडाला फूल येतं आणि ते फळ पार थंडी खाऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतं. साल जाड, आतून रसाने गच्च. गाडीजवळून नुसतं चालत गेलं आणि कोणी शेजारी फळ सोलत असलं की सालीतला तो उग्र फवारा नाकात जातो. बाकीच्यांना त्या वासाने तोंडाला पाणी सुटत असेल. मला पाठीत कळ येते. लहानपणी फेब्रुवारी म्हणजे वाकून वाकून फळ निवडायचे दिवस.

माहेर मोर्शीकडचं. तीन एकर संत्र्याची बाग, सगळी बाबांनी लावलेली. तोड चालू झाली की झाडाखाली तागाचे बारदाने अंथरायचे आणि आम्ही बायामुली ओळीने बसायचो. मोठं फळ एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, बारकं म्हणजे चुरी तिसऱ्यात. माझा हात बाबांसारखा होता. फळ डोळ्यांसमोर न धरताच कळायचं, कुठे डाग आहे, कुठे बोट लागलंय, कुठे आतून पोकळ झालंय. बाबा कौतुकाने म्हणायचे, "हिच्या हातात तराजूचा काटा हाय." आणि झाडाखाली जे आपसूक गळून पडलेलं असायचं, दबलेलं, एका अंगाने मऊ पडलेलं, मातीचा वास लागलेलं, ते ढिगात नसायचं. ती गळ. ती टोपलीत भरून घरी यायची.

"चांगलं फळ गावाले जाते, पडलेलं घरी येते." बाबांचं हे वाक्य. त्यात तक्रार नव्हती हो. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तसं ते म्हणायचे. पाहुणा आला की त्याच्यापुढे मोठं फळ. आम्ही गळीचं खायचो, कुजका भाग बोटाने काढून टाकायचा आणि उरलेलं खायचं. तेही गोडच लागायचं, कारण दुसरं खाल्लंच नव्हतं. संपूर्ण बाग आपली, आणि मोठ्या ढिगातलं एक फळ उचलून सोलावं असं मला कधी सुचलंसुद्धा नाही. आमच्याकडे कोणालाच सुचत नसे. संत्रावाल्यांच्या घरोघरी हेच. कापूसवाल्याच्या अंगावर फाटका सदरा असतो, तसंच.

तर त्या बाजाराचं सांगत होते. मी हा बाजार पहिल्यांदा पाहिला तो चार वर्षांपूर्वी, अमरावतीत. आणि तिथे मी पाहुणी नव्हते, विकणारी होते. माझा धाकटा भाऊ मनोहर, त्याच्या टेबलामागे मी उभी होते, पदर कमरेला खोचून. माळकरी बापाची लेक, पंचावन्नाव्या वर्षी भर मैदानात लोकांना वाइनचे पेले भरून देत होते. जाऊ द्या, बाबा तेव्हा नव्हते म्हणून बरं.

मनोहरच्या डोक्यात ते खूळ कसं शिरलं ते आधी सांगते. बाग म्हातारी झाली होती. झाडांच्या बुंध्यांना डिंक्या लागला होता, साल फुटून डिंक गळायचा आणि फांदी फांदी वाळत जायची. माल कमी, फळ लहान. व्यापारी बागेत येऊन नाक मुरडून जायचे. आजूबाजूच्या सगळ्यांनी बागा काढल्या होत्या आणि जो तो मनोहरला सांगायचा, काढून टाक बावा, मशीन लाव, एका दिवसाचं काम. मनोहर मला फोनवर म्हणाला होता, "बाबानं खांद्यावर पानी वाहून जगवली ताई ही झाडं. मी तोडली त मले जेवन गोड लागन का?"

मग त्याने कुठेसं ऐकलं की म्हाताऱ्या झाडाचं फळ लहान असलं तरी गोडी जास्त धरतं, आणि वाइनला आकार लागत नाही, गोडी लागते. झालं! नाशिककडे जाऊन शिकून आला. परवान्यासाठी दोन वर्षं कचेरीचे खेटे घातले. बैल विकून रिकामा पडलेला गोठा धुऊन, चुना लावून त्यात दोन टाक्या बसवल्या. आणि मला स्वच्छ सांगितलं, "एक साल पाहतो. वाइन चालली त बाग राहीन. नाही चालली त मी बी मशीन बोलावतो. मंग तू मले काही म्हनजो नोको."

म्हणजे त्या दोन टाक्यांवर बाबांची बाग उभी होती. हे मला ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगताना आजही जीभ जड होते.

बाजाराच्या आदल्या वर्षीचा मार्च. मी आठ दिवसांची रजा टाकून तोडीला गेले. निवडायचं काम मनोहरने माझ्याकडे दिलं, हातात काटा आहे म्हणून. म्हणाला, "ताई, टाकीत वरचं फळ जाऊ दे. झाडावर पिकलेलं, बिनडागाचं. बाकीचं बाजाराले." मी हो म्हटलं. तो कागदपत्रांच्या कामाला दोन दिवस अमरावतीला गेला. मी बारदान्यावर बसले.

काय सांगू! पहिलं मोठं फळ हातात आलं. केशरी, तुकतुकीत, देठाशी हिरवं पान. ते मी सोलणाऱ्या बायांच्या टोपलीत टाकायला गेले आणि हात आखडला. एवढं देखणं फळ चिरडायचं? दारू करायची त्याची? बाजारात गेलं तर लोक हातात घेऊन पाहतील. मी ते पेटीत ठेवलं. म्हटलं, एक. मग दुसरं आलं, तेही पेटीत. दुपारपर्यंत पेट्या भरल्या आणि सोलायच्या टोपलीत गेली ती चुरी आणि गळ. झाडाखालून वेचलेली, दबलेली, एका अंगाने मऊ. मनाशी म्हटलंही, सडवायचंच आहे ना शेवटी, मग सडकं चाललं. आणि भावाचं चांगलं फळ वाचवलं याचं वर समाधान! दुसऱ्या दिवशीही तेच केलं. अगदी मन लावून केलं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई मी. घाण नळीत केलेला प्रयोग बिघडतो, असं पोरापोरींना ओरडून ओरडून घसा बसलेला. पण बागेत बारदान्यावर बसले की मी कॉलेजातली कोणी नसते. तिथे नुसता हात असतो, आणि त्या हाताला एकच माहीत, चांगलं फळ गावाला जातं.

मनोहर परत आला. रचलेल्या पेट्यांसमोर थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं आता विचारील. पण त्याने चहा मागितला. टाकीत रस केव्हाच गेला होता. मी तोंडात मूग धरून बसले, ते पुढे अकरा महिने.

अमरावतीचा तो बाजार दोन दिवसांचा होता. मैदानावर मांडव, ओळीने टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे कोणीतरी आपल्यासारखंच दमलेलं माणूस. सोलापूरकडचं डाळिंब, पालघरकडचं जांभूळ, महाबळेश्वराकडची स्ट्रॉबेरी. मोठं नाव एकाचंही नाही. बाटल्यांवरची लेबलं हाताने चिकटवलेली, थोडी तिरकी. आमचीही तिरकीच होती, मीच चिकटवली होती. आमच्या शेजारचं टेबल दिंडोरीकडच्या शोभाताईंचं. द्राक्षाची वाइन, नवरा-बायको मिळून करायचे. पण नवऱ्याला चव कळत नाही, म्हणायच्या, तो फक्त टाकी धुतो. बाई मोठ्या स्पष्ट बोलायच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मला सगळ्या टेबलांवरून फिरवून आणलं.

मी वाइन पहिल्यांदा चाखली ती तिथे. पहिला घोट घेताना आजूबाजूला पाहिलं, ओळखीचं कोणी नाही ना! डाळिंबाची गोड वाटली आणि मागून घसा कोरडा करून गेली. जांभळाची जिभेवर तसाच जाड लेप देऊन गेली, जसा लहानपणी जांभळं खाऊन जीभ काढून दाखवायचो तेव्हा असायचा. शोभाताईंची मला आंबट लागली. त्या हसल्या. म्हणाल्या, "लगेच गिळू नका. तोंडात धरा. आधी पुढून काय येतं ते बघा, मग मागून काय येतं ते. फळ लबाडी करत नाही, मागून सगळं सांगून टाकतं."

त्यांच्या टेबलाखाली एक छोटी बादली होती. चाखायचं आणि थुंकायचं, असा रिवाज. आमच्या अमरावतीकरांना हे कोण समजावणार! एक गृहस्थ बायको आणि सासूसह आलेले, पेला हातात धरून बादलीकडे पाहत राहिले. "थुकाचं? काहून? खराब हाय का?" शोभाताईंनी सांगितलं, तसं नाही, सगळ्यांच्या चाखता याव्यात म्हणून. "मंग चाखून राहिलो ना," असं म्हणून त्यांनी घोट घेतला आणि सासूबाईंकडे पाठ करून दुसरा पेला मागितला. दुसरे एक विचारत होते, "हे चढते का?" मनोहर म्हणाला, "फार नाही काका." "मंग कशाले प्याची? रसच प्यावं मानसानं." खरंच होतं त्यांचं. मैदानावर दोन दिवस कोणीही त्या बादलीत थुंकलं नाही. तोंडात घेतलेलं परत टाकायचं नाही, हे आमच्या हाडात आहे. मीही सगळं गिळलं. दुपारपर्यंत डोकं जड झालं होतं आणि पाय टाकीन तिथे पडत नव्हते.

आमच्या पेल्यातलीही चाखली होती मी, सकाळची ती फेरी संपवून टेबलाशी परत आल्यावर. पुढून संत्रं. छान, ओळखीचं. आणि मग मागून कडू आलं, आणि कडवटपणामागे मातीचा ओला वास. टोपलीचा. गळ भरून घरी यायची त्या टोपलीचा. मला लगेच कळलं. मी पेला विसळून ठेवला आणि मनोहरकडे पाहिलं नाही.

दुपारी नागपूरचे एक दुकानदार येणार होते. त्यांच्या दुकानात लहान लोकांच्या वाइन ठेवायच्या होत्या, दोनतीन निवडणार होते. मनोहर त्यांच्यासाठी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. ते आले, सज्जन गृहस्थ. पेला उजेडात धरला, रंग पाहून मान डोलावली. घोट घेतला. मनोहर त्यांच्या गळ्याकडे पाहत होता. मी टेबलावरचं फडकं घडी करत होते, उलगडत होते, घडी करत होते. त्यांनी गिळलं, थोडं थांबले आणि पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला.

"रंग छान आहे," ते म्हणाले. "कळवतो तुम्हाला."

आणि पुढच्या टेबलावर गेले. कळवतो याचा अर्थ आम्हां तिघांनाही कळला, मला, मनोहरला आणि शेजारी उभ्या शोभाताईंना. मनोहर म्हणाला, चहा घेऊन येतो. गेला तो बराच वेळ आला नाही.

शोभाताईंनी आमच्या बाटलीतून थोडी ओतून घेतली. तोंडात धरली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. तुमच्या भावाचं काम चांगलं आहे. टाकी स्वच्छ आहे, घाई केलेली नाही. पण हे फळ खाली पडलेलं होतं."

मी घडी केलेलं फडकं पुन्हा उलगडलं.

"आमच्या सासऱ्यांनी पहिल्या वर्षी हेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "चांगले घड बाजाराला आणि फुटके मणी टाकीत. किती सांगितलं त्यांना! शेतकऱ्याला स्वतःसाठी चांगलं वापरताच येत नाही हो. त्याचा हातच होत नाही."

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हामुळे म्हणून पुसलं. मनोहर चहा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी लेबलांबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशीही उभी राहिले. लोक आले, चाखून गेले, कोणी छान म्हटलं, कोणी तोंड वाकडं केलं. चार वाजता आवरायला घेतलं. उरलेल्या बाटल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, पुन्हा खोक्यांत. टेम्पोत खोकी चढवताना मनोहर दमून मागच्या फळीवर बसला आणि मी त्याच्या शेजारी बसले. ऊन उतरत होतं. म्हटलं, आता बोलले नाही तर मरेपर्यंत बोलणार नाही.

"मन्या, ते फळ मी टाकलं होतं. गळीचं. तू वरचं सांगितलं होतं, अन् मी पेट्या भरल्या."

तो फळीवरचा खिळा बोटाने चाचपत होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं?"

"आलो तवाच पाह्यलं ना. पेट्या रचेल होत्या. मी काय आंधळा हाय?" मग म्हणाला, "रस बदलता आला असता. अर्धी बाग तोडाची बाकी होती. पन खोटं काहून बोलू, ताई, त्या पेट्या पाहून मले बी बरंच वाटलं. म्हटलं, चांगलं केलं ताईनं. चांगलं फळ वाचलं."

मी रागावायला पाहिजे होतं की रडायला, ते मला कळेना. तो हसला, तेही धड हसू नव्हतं. "बाबा असते त त्याइनं बी हेच केलं असतं," म्हणाला. ड्रायव्हर आला, निघालो.

एप्रिलमध्ये मशीन आली. मी गेले नाही. रजा नाही, असं कारण सांगितलं. रजा होती. मनोहरने फोन करून सांगितलं, एका दिवसाचं म्हनत होते, दीड दिवस लागला, मुळ्या खोल होत्या. विहिरीजवळची सात झाडं त्याने ठेवली. बाकीच्या रानात आता हरभरा असतो, तूर असते. बरं चाललंय त्याचं. उपाशी नाही कोणी. त्या वाइनवरून तो मला बोल लावत नाही, मी त्याला लावत नाही, आणि दर फेब्रुवारीत त्या सात झाडांची एक पेटी एसटीने माझ्याकडे अकोल्याला येते. मी काय करते सांगू? पेटी उघडते, हात घालून प्रवासात दबलेली फळं शोधून काढते आणि आधी ती खाते. ती संपेपर्यंत चांगल्यातली दोनचार दबतात. मग ती खाते. पेटी संपेपर्यंत मी दबलेलंच खात असते. एवढं कळतं, तरी दर वर्षी तेच.

तर यंदा बाजार अकोल्यात आला आणि मी गेले. गुडघ्यांनी जागोजागी हिशेब विचारला, पण गेले. तोच मांडव, तशीच टेबलं, तशीच थुंकायची बादली, तीही तशीच कोरडी. शोभाताई कुठे दिसल्या नाहीत. मोहाच्या फुलांची एक होती, सेमाडोहकडचं कोणी घेऊन आलेलं, तिच्या वासानेच मेळघाटातला रस्ता आठवला. दोन घोट घेतले. आता मला चाखता येतं, पुढून काय आणि मागून काय ते. कोणाला सांगण्यासारखी विद्या नाही ही.

कोपऱ्यातल्या टेबलावर संत्र्याची होती. शेंदूरजनाघाटचं एक जोडपं, तिशीतलं. बाईने पेला पुढे केला, "घ्या काकू, चाखून पाहा, घरचं हाय." मी तोंडात धरली. पुढून संत्रं आलं. मी डोळे मिटून मागून कडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. मातीही नाही. नुसतं एक स्वच्छ, मंद असं काहीतरी राहिलं, सकाळी बागेत शिरल्यावर असायचं तसं.

"फळ कोणतं टाकता?" मी विचारलं.

"आपलंच, काकू. बाग जुनीच हाय आमची. झाडं माह्या सासऱ्याच्या बापानं लावेल."

"ते नाही. निवडून कोणतं टाकता?"

ती नवऱ्याकडे पाहून हसली. "त्याचंच त भांडन झालं होतं पहिल्या वर्षी! सासूबाई फळाले हात लावू देत नव्हत्या. म्हने बाजाराचं हाय. मी म्हटलं, मी टाकतोच वरचं, काय होते थे पाहू. दोन दिवस बोलल्या नाही माह्याशी."

कोणीतरी भांडायला हवं होतं. आमच्याकडे कोणी भांडलंच नाही. आम्ही दोघं भाऊबहीण एकमेकांना इतके जपत होतो.

पेला हातात घेऊन मी कडुनिंबाखाली गेले आणि मनोहरला फोन लावला. तो रानात होता, मागे कुठेतरी मोटर चालू होती.

"मन्या, इथं बाजारात आली होती. संत्र्याची हाय एकाची. शेंदूरजन्याचे हायेत. जुनी बाग हाय म्हणे."

"हं."

"वरचं फळ टाकतात."

मग त्याने विचारलं, "मागून कडू येते का?"

"नाही."

"बिलकुल नाही?"

"नाही रे."

त्याने मोटर बंद केली. मला वाटलं फोन कटला.

"मंग जमलं असतं आपलं," तो म्हणाला.

त्या वाइनबद्दल चार वर्षांत एवढं एकच वाक्य. त्यात राग असता तर मी सोसला असता. राग नव्हता. त्याला खात्री हवी होती तशी झाली, इतकंच. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पेटी भेटली का तुले?" त्याने विचारलं. "परवा टाकली एसटीत."

"आली काल. उघडली नाही अजून."

"दबलेले शोधत बसू नोको. वरून उचल अन् खा. समजलं का? मी सांगून राहिलो तुले."

घरी आले तेव्हा दिवे लागायचे होते. चपला काढल्या, गुडघ्यांना तेल लावायचं होतं, ते राहू दिलं. पेटीची सुतळी सोडली, वरचं गवत बाजूला केलं. हात सवयीने खाली तळाशी निघाला. मी तो मागे घेतला. अगदी ओढून घेतला म्हणा. वर, मधोमध, एक फळ होतं, सगळ्यांत मोठं, देठाशी पान. ते उचललं. एकही डाग नाही. उगाच फिरवून फिरवून पाहिलं, कुठे काही सापडतं का म्हणून.

खुर्चीत बसून सोललं. साल एका बोटासरशी सुटली. पहिली फोड तोंडात टाकली, लगेच गिळली नाही, धरून ठेवली. पुढून गोड, मागूनही गोड. एकोणसाठ वर्षांची झाले मी, आणि आमच्या बागेचं फळ कसं लागतं ते मला आज कळलं. मग मात्र मला रडू आलं. रडत रडतच सगळं संपवलं, एकही फोड ठेवली नाही.